येसबाचा मधला आकडा

डोंगराळ मुलखातल्या एका संस्थानात येसबा नावाचा शस्त्रागाराचा कारभारी होता. हात कसबी, पण राग सदा नाकाच्या शेंड्यावर.

एकदा खालच्या वाडीत बिबट्या शिरू लागला. आधी त्याने शेळ्या नेल्या, मग अंगणात खेळणारं एक पोर नेलं. राणीसाहेब नेमबाज होत्या. त्यांनी आपलं दांडगं सहाबारी रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं. पण विलायती काडतुसं संपली होती. तेव्हा रिकाम्या पुंगळ्यांत घरीच बंदुकीची दारू भरायचं ठरलं.

भरायची किती? दरबारात काडतुसं भरण्यावरची दोन छापील पुस्तकं होती, दोन्ही नावाजलेल्या उस्तादांची. गोळी तीच, रिव्हॉल्व्हर तसंच, पण दारूचं माप एकात कमी, तर दुसऱ्यात जवळजवळ दीडपट!

राजेसाहेब गरजले, "कमी भर. राणीसाहेबांच्या हाताला इजा झाली तर याद राख!"

राणीसाहेब कडाडल्या, "भरपूर भरा. जखमी बिबट्या वाडीवर सोडायचाय का?"

येसबाचं डोकं फिरलं. "एवढे मोठे उस्ताद, आणि एका मापावर एकमत नाही! मग छापता कशाला?" असं म्हणून त्याने पुस्तकं भिरकावली. पहिली पानं उलटायचीसुद्धा तसदी घेतली नाही. एकाचं ऐकावं तर दुसरा कोपणार. म्हणून त्याने दोन्ही मापं मिळवली, निम्मी केली आणि तेवढी दारू भरली. आता कोणी तोंड उघडणार नाही, याचंच त्याला समाधान. वाडीतलं पोर गेलं होतं आणि हा आपली कातडी वाचवत होता!

भरणाऱ्यानेच पहिला बार उडवायचा, अशी तिथली रीत होती. येसबाने तोऱ्यात चाप ओढला. रिव्हॉल्व्हर त्याच्या हातातच फुटलं. त्याची दोन बोटं गेली, आणि बिबट्याला पुरं पडेल असं संस्थानातलं एकुलतं एक हत्यारही गेलं.

हाताला फडकं गुंडाळून येसबा ओरडत होता, "खोटी आहेत दोन्ही पुस्तकं! जाळा ती!"

राणीसाहेबांनी पुस्तकं पहिल्या पानांवर उघडून त्याच्यापुढे आपटली. "वाचा! या उस्तादांनी झटकन पेटणारी बारीक दारू वापरली, म्हणून माप कमी. त्यांनी सावकाश जळणारी जाड दारू वापरली, म्हणून जास्त. आपल्या कोठारात आहे बारीक. दोन्ही पुस्तकं खरीच बोलतात, येसबा. तुमचा आकडा यातल्या कुठल्या पुस्तकात आहे?"



तेवढ्यात वाडीकडून आरडाओरडा ऐकू आला. बिबट्या भरदिवसा आला होता.

राणीसाहेब संतापाने म्हणाल्या, "जा. आता त्याला तुमचा मधला आकडा वाचून दाखवा."

तात्पर्य: दोन जाणकारांचं म्हणणं जुळत नसेल, तर कोण कशाविषयी बोलतो आहे ते आधी नीट पाहावं; दोघांची मर्जी राखण्यासाठी काढलेला मध्य कोणाचाच खरा नसतो.