चाड्यातली परी

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं. चार बांधांचं एक शेत होतं, शेतात एक झोपडी होती आणि झोपडीत वेणू नावाची मुलगी आपल्या आईबरोबर राहत होती. बाबा देवाघरी गेलेले. घरात भाकरी असली तर कालवण नसायचं, आणि कालवण असलं तर त्यात तेल नसायचं. पण पोर मनाने अशी गोड, की आपल्या भाकरीतला तुकडा मोडून पाखऱ्या बैलाला भरवल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

एकच खोड होती बाई तिला. ती कशावर म्हणून चटकन विश्वास ठेवायची नाही! त्याला कारणही तसंच होतं. गेल्या वर्षी बाजारातल्या एका गोडबोल्या व्यापाऱ्याने आईला चकचकीत पिशवीतलं बियाणं दिलं, आणि अर्धं शेत उगवलंच नाही. तेव्हापासून वेणू थोडं बियाणं आधी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. मोड आले तर खरं, नाहीतर खोटं. हळूहळू माणसांकडेही ती त्याच नजरेने बघायला लागली.

शाळूच्या, म्हणजे हिवाळी ज्वारीच्या, पेरणीचे दिवस आले. पाऊस उघडला, पिवळंधमक ऊन पडलं आणि जमीन छान वाफशावर आली. वाफसा म्हणजे काय, ठाऊक आहे ना? माती हाताला चिकटत नाही, पण मुठीत दाबली तर तिचा लाडू वळतो, अशी बेताची ओल. ही ओल थांबून राहत नाही हो! तेवढ्यात पेरलं तर पेरलं, नाहीतर शेत पडीक आणि वर्षभर चूल गार.

दरवर्षी शेजारचे दशरथकाका आपला बैल आणायचे, आई पाखऱ्याला आणायची, आणि ही जोडी जुंपून दोन्ही शेतं पेरून व्हायची. याला म्हणतात सावड. यंदा काकांनी बैल विकला आणि ट्रॅक्टर सांगितला. आता एकटा पाखऱ्या काय करणार? तिफण, म्हणजे पेरायचं औत, ओढायला जोडी लागते. आई रोज ट्रॅक्टरवाल्याच्या पाया पडायची आणि तो रोज म्हणायचा, "वहिनी, उद्या नक्की!"

"आई, हा थापा मारतोय," वेणू म्हणायची.

त्या दिवशी सकाळी आईने मूठभर माती उचलली आणि तिचा चेहरा उतरला. "वेणू, वरची माती भुरकट पडायला लागली गं. आज पेरलं नाही तर यंदाचं वर्ष गेलं." एवढं बोलून ती पुन्हा गावात ट्रॅक्टरवाल्याच्या घरी धावली.

वेणू लिंबाखाली तिफणीजवळ बसली. तिफणीच्या वर लाकडाची एक वाटी असते, तिला म्हणतात चाडं. त्यात मुठीने दाणे सोडायचे, की ते नळ्यांतून खळखळ खाली मातीत जातात. तर त्या चाड्यात काहीतरी खुडबुडलं.

"उंदीर!" वेणूने चप्पल उगारली.

"अगं थांब, थांब! उंदीर काय म्हणतेस?" चाड्यातून एक इवलंसं डोकं वर आलं. करडईच्या फुलासारखा केशरी झगा, इवल्या इवल्या पायांत मोत्यांचे इवले पैंजण, आणि पाठीवर निळे, जांभळे, सोनेरी झगमगणारे पंख! "मी परी आहे."

"परी? आणि बियाण्याच्या वाटीत काय करतेस? दाणे खायला आलीस ना?"

परीचे गाल फुगले. "लोक मला बघून हात जोडतात!"

"लोकांचं सोड. तुझं काम काय आहे ते सांग."

"तुझी तीन मागणी पुरवणार आहे मी," परी मंजुळ आवाजात म्हणाली. "नियम दोनच. दिलेलं मी परत घेत नाही. आणि मी ते कुठून आणते, हे विचारायचं नाही. विचारलंस तर एक मागणं वाया गेलं."

वेणूचे डोळे बारीक झाले. विचारायचं नाही? का बरं? त्या व्यापाऱ्यानेही पिशवी उघडून बघू दिली नव्हती. इथं काहीतरी पाणी मुरतंय खास!

"आधी नमुना दाखव," ती म्हणाली. "माझ्या पाखऱ्याला हिरवा चारा हवा. पेंढीभर."

परीने पंख फडफडवले. चमचम, झिमझिम! पाखऱ्यापुढे लसूणघासाची हिरवीगार पेंढी, पानापानावर दवाचे टिपूस. पाखऱ्या शेपटी उडवत पुढे सरसावला. पण वेणूने पेंढी झटकन उचलली, हुंगली, उलटीपालटी केली. पेंढीला निळ्या चिंधीची गाठ होती. अशी गाठ साऱ्या शिवारात एकच बाई मारायची, ओढ्यापलीकडची म्हशीवाली बायजामावशी. आता बोला!

एक मागणं वाया जाणार होतं. जाऊ दे गेलं तर, पण आता विचारल्याशिवाय वेणूला राहवेना.

"कुठून आणलीस ही?"

परी गोरीमोरी झाली. "गेलं तुझं एक मागणं," ती हळूच म्हणाली. "खरं सांगू? मी नवं काही करत नाही गं. इथलं उचलते, तिथं ठेवते. पण अजून एक मागणं आहे ना! बघ, मी ट्रॅक्टर आणते, पेरणीयंत्रासकट. डोळ्याचं पातं लवतंय तोवर तुझं शेत पेरून होईल."

बांधापलीकडे दशरथकाकांच्या शेतात गावातला एकुलता एक लाल ट्रॅक्टर धडधडत होता. म्हणजे तो इथं आला, की काकांचं उरलेलं शेत तसंच राहणार. वेणूच्या मनात आलं, राहू दे! चांगली अद्दल घडेल! त्यांनीच सावड मोडली, त्यांनीच बैल विकला. तिला काकांचा खरंच फार राग आला होता. मागणं अगदी ओठावर आलं. पण अर्धं शेत हिरवं आणि अर्धं उघडं कसं दिसतं, ते तिने गेल्या वर्षी पाहिलं होतं. ते बघून आई बांधावर बसून रडली होती.

"नको," वेणू म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "दुसऱ्याचं उचलून नको मला काही. आणि ही पेंढी मी परत देऊन येते. तुला नाही परत घेता येत, मला देता येते."

ती पेंढी डोक्यावर घेऊन पळत सुटली. ओढा ओलांडून गोठ्याशी पोचली, तर बायजामावशी कडबाकुट्टीचं चाक फिरवत, तोंडाने सगळ्या गावाचा उद्धार करत उभी!

"अगं बया! पेंढी तूच नेलीस होय? आणि म्हशीनेच खाल्ली म्हणून मी तिला ओरडत बसलेय!"

"मी नाही नेली, मावशी. परीने आणून दिली. पण मागितली मीच."

"परीने!" मावशीने कमरेवर हात ठेवले. "मला काय कुक्कुलं बाळ समजतेस? खरं बोल."

"खरंच सांगते. पेंढीवाचून तुझं नाही ना गं अडलं काही?"

मावशीने तिला खालून वर न्याहाळलं. चोरी करणारी पोर चार शेतं ओलांडून, धापा टाकत माल परत आणेल कशाला? हे काही तिच्या हिशेबात बसेना. "पाणी पी आधी," ती जरा नरमली. "अशी रडवेली का झालीस?"

मग वेणूने वाफशाचं, सावडीचं, उद्या-उद्याचं सगळं सांगून टाकलं. मावशीने चाक सोडलं आणि मागे वळून पाहिलं. गोठ्याच्या कोपऱ्यात तिचा धिप्पाड रेडा रवंथ करत बसला होता.

"हा भुंग्या फुकट बसून खातोय," ती म्हणाली. "जुंपू याला पाखऱ्याबरोबर. माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही मेला, मी येते."

"नक्की?" वेणूने विचारलं. "उद्या म्हणणार नाहीस ना?"

"अगं, तू भलतीच संशयी आहेस की गं!" मावशी खो खो हसली आणि दावं सोडलं.

आई रिकाम्या हाताने परतून कपाळाला हात लावून बसली होती. बैलाबरोबर रेडा बघून ती दचकली. "बायजाक्का, गाव हसेल की हो!"

"हसू दे. तू चाड्यावर मूठ धर, मी जोडी हाकते."

आणि पेरणी सुरू झाली! दाणे नळ्यांतून खळखळ उतरू लागले. वेणू मागून चालत कान देऊन ऐकायची, कुठल्या नळीचा आवाज बंद झाला, की "आई, थांब, माती अडकली!" म्हणून ओरडायची. नळी तुंबलेली कळली नाही, तर ते तास, म्हणजे पेरणीची ती ओळ, रिकामंच जातं. पाखऱ्या झपाझप, भुंग्या डुलत डुलत. ट्रॅक्टरवरून पोरं हसली, पण तास सरळ पडत होतं.

ऊन मात्र चढलं. रेड्याला ऊन सोसत नाही. बांधालगतची पट्टी राहिली आणि भुंग्याने बसकण मारली ती मारलीच! मावशीने विनवलं, आईने पाणी शिंपडलं, तो ढिम्म. पायाखालची माती भुरकट होत चालली. पट्टी लहान नव्हती, सुगीनंतरचे कित्येक दिवस तीच चूल पेटवणार होती.

तेवढ्यात वेणूच्या कानाशी पैंजण वाजले. "तुझं एक मागणं राहिलंय," परी म्हणाली.

"कुणाचं आणणार?"

"कुणाचंच नाही. जो दुसऱ्याचं घेत नाही, त्याला मी माझं स्वतःचं देऊ शकते. इतक्या वर्षांत असं कुणी भेटलंच नव्हतं बघ."

"तुझ्याकडे काय आहे?"

"पंखांवरचं दव. सगळं दिलं की मी राहत नाही."

सकाळपासून वेणूने या इवल्या जिवावर नुसता संशय घेतला होता! "मग नको मला," ती म्हणाली. "पट्टी राहू दे. आम्ही भागवू कसंतरी. तू राहा."

परी हसली. "मागणं न मागताही पुरवता येतं मला. हा नियम तुला सांगितलाच नव्हता," ती म्हणाली आणि भर्रकन उडाली. तिचे चिमुकले पंख पसरले, पसरले, पातळ होत होत साऱ्या पट्टीवर पसरले. निळं, जांभळं, सोनेरी धुकं! गार गार दवाचे थेंब मातीवर पडले, भुंग्याच्या पाठीवर पडले. भुंग्याने कान हलवले, फुरफुर केली आणि उठून उभा राहिला.

"हे काय गं बाई!" मावशी आ वासून बघत राहिली. "पोर खरंच बोलत होती की!"

शेवटच्या तासातला शेवटचा दाणा मातीत गेला, तसं ते धुकं उन्हात लखकन उजळलं. एवढा उजेड, की तिघींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा धुकं नव्हतं, परीही नव्हती. वेणू तिथंच मातीत बसून हमसून हमसून रडली आणि तिने भुईला हात जोडले.

आठवडाभरात शेत उगवलं. वेणूने एकेक तास चालून नीट तपासलं, वाकून वाकून. शाळूची हिरवी टोकं साऱ्या शेतात ओळीने उभी होती, आणि बांधालगतच्या पट्टीतली सगळ्यांत दाट.

झाली आमची गोष्ट मळून. दाणा तुम्ही न्या, भूस आमच्या पाखऱ्याला ठेवा!