जाळीचं दार

माळावर माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका वारुळाला दोन दारं होती, एक चिंचेकडचं, एक ओढ्याकडचं. पानात बांधलेली पुडी दारातून आली तरच आत घ्यायची, असा मुंग्यांच्या राणीचा नियम. वारुळाला लागून एका कपारीत रातकिडा राहायचा. त्याला पावसापाण्याचं अचूक कळे, पण पाय अधू असल्याने दारापर्यंत जाववत नसे. म्हणून कोळ्याने कपारीच्या तोंडाशीच वारुळाला तिसरं दार विणून दिलं, जाळीचं. रातकिडा त्यातून निरोपाची पुडी आत देई, राणीचा निरोप त्यातूनच बाहेर येई.

एकदा ओढ्याकडचं दार म्हणालं, "तू कसलं दार? तुझ्यामागे रस्ताच नाही. राणीला कळलं की मातीने लिंपून टाकील बघ."

जाळीच्या दाराचा जीव टांगणीला लागला. शेवटी न राहवून त्याने स्वतःच सांगितलं, "राणीसाहेब, माझ्यामागे रस्ता नाही. नुसता एक रातकिडा आहे."

राणी म्हणाली, "मी जन्मभर आत बसलेली. रस्ता मी कुणाच्याच मागचा पाहिला नाही. पण ओढा चढणार हे तुझ्यातून कळलं, म्हणून आमची अंडी वाचली."

मग तिने दोन पुड्या पाठवल्या. दाण्यांची रातकिड्याला आणि दुसरी दाराला. आजवर कितीतरी पुड्या त्याच्यातून इकडच्या तिकडे गेल्या होत्या, पण त्याच्या नावाची ही पहिलीच. त्याने भीतभीत उघडली. आत माती नव्हती. वाऱ्याने तुटलेले धागे सांधायला डिंक होता.