ग्रायंडरपुढं बसलेला मामू

“पर रोज सकाळी त्या दगडाचं काय ऐकता, मामू?”

भरमूनं इचारलं. दस्तगीर मामूनं ग्रायंडरचा धारेचा दगड काढून बोटात अडकवलावता. पेचकसाच्या लाकडी मुठीनं हळूच टोला दिला.

टण्ण…

“धड हाय, चीर न्हाई,” मामू म्हणला आन् दगड परत बशिवला.

“चाळीस वरसं झाली की. अजून दगड फुटायचं भ्या वाटतं?”

“वाटतं.”

“मला न्हाई वाटत.”



मी तिथंच पोत्यावर बसून च्या पीत हुतो. आता मामूचं धार लावायचं दुकान म्हंजे काय सांगू! सगळी हत्यारं मोडक्यातनं केलेली. छत्रीच्या काडीची दाभण, मोडक्या कातरीचा कंपास, कानशीला मूठ म्हणून अर्धं लाटणं. गल्लीत कुणाची कढई दिसंनाशी झाली की बाया चोर हुडकत न्हाईत, सरळ मामूकडं येत्यात. मामूच्या ग्रायंडरवर अर्धी कापलेली लोखंडी कढई हाय. फिरता दगड फुटला तर तुकडं तोंडावर येऊ नयेत म्हणून आडोसा. ती कढई आमच्याच घरची. मीच दिली. बायकूला सांगू नगा.

भरमू दोन वरसं मामूचा शागीर्द. परवा सोताचं दुकान काढणार हुता. आज सोता केलेला ग्रायंडर घिऊन आलावता. मेलेल्या वॉशिंग मशीनची मोटार, शिलाई मशीनचं पाय.

मामूच्यात एक रीत हाय. शागीर्दानं पैलं हत्यार केलं की बटण त्येनं दाबायचं आन् पैली धार मामूनं काढायची. मग ते दुकानाभायेर जायाचं.

“आडोसा कुठाय?” मामूनं इचारलं.

“कढई लावून सैपाकघर करू व्हय त्येचं? गिऱ्हाईक हसतंय.”

मी हसलो. मामू हसला न्हाई.

“दगड कुठं पडला-बिडला?”

“न्हाई.”

लई चटकन म्हणला.

मला वाटलं, आता मामू त्यो दगड वाजवून बघणार. वाजिवला न्हाई. स्टूल वढलं. रोज एका अंगाला बसणारा माणूस, आज नीट दगडासमोर बसला. चष्मा काढून खिशात घातला.

“दाब बटण.”

“मामू, बाजूला सरा की.”

“दाब.”

मामूचं तोंड दगडापास्नं ईतभर. डोळं उघडं.

मी बशी खाली ठिवली. म्हणलं, ह्या म्हाताऱ्याला आज काय झालं?

“चष्मा तरी घाला वो…”

“तुला भ्या न्हाई न्हवं?”

“माझं न्हाई!”

“मग?”

भरमूचं बोट बटणावर. बोट घामानं घसराया लागलं. त्येनं सदऱ्याला पुसलं, परत ठेवलं. माझ्याकडं बघितलं. मी काय करू? मी कपात बघितलं.

“मामू…”

“दाब.”

बोट हललं. मी डोळं झाकलं. 

…

मोटार वाजली न्हाई.

डोळं उघडलं तर भरमूनं वायरच उपटून हातात धरलीवती. 

“पडलावता मामू. काल रेल्वे फाटकात. सायकलवरनं. चीर काय दिसली न्हाई, म्हणून म्हणलं…”

मामूनं नुसतं दगडाकडं बोट केलं.

भरमूनं नट सोडला. दगड बोटात अडकवला. पेचकसाच्या मुठीनं टोला दिला.

थप्प.

फुटक्या माठागत.

परत मारला.

थप्प.

भरमूनं दगड भुईवर ठेवला, तान्हं पोर ठेवावं तसा. तोंड पांढरंफट पडलंवतं.

“तुम्हास्नी ठावं हुतं, मामू?”

“न्हाई.”

“मग समोर बसलासा कसं? मी दाबलं असतं तर?”

मामूनं एक हात वर केला.

“धर मला,” मामू म्हणला. “उठता येईना.”