धोकादायक शेळीचा परवाना

कुठल्याशा डोंगराखालच्या जंगलात एक शेळी राहत होती. शेळी जंगलात कशी, असं विचारायला हात वर करू नका. ती कळपातून चुकली होती. तुम्ही नाही का शाळेत जाता जाता बरोबर बोरीच्या झाडाखाली चुकता! तर या शेळीला एकदा ओढ्याकाठी बिबट्याचं पिल्लू सापडलं. आई नाही, बाप नाही, डोळेसुद्धा नीट उघडलेले नाहीत. शेळीचं आतडं पिळवटलं. तिने त्याला आपल्या दुधावर वाढवलं. पिल्लू वाढता वाढता चांगलं वासराएवढं झालं. ते दारात पसरलेलं दिसलं की लांडगा ओढ्यापलीकडूनच शेपूट घालून परत फिरे. शेळी भेटेल त्याला सांगे, "माझा लेक ना, फार गरीब हो! कुणाकडे मान वर करून बघत नाही." शेजारचे ससे मात्र एकेक करून दिसेनासे झाले. शेळी म्हणे, "गेले असतील मामाकडे."

अशात जंगलात दवंडी पिटली. "ऐका हो ऐका! ज्याने कुणी धोकादायक प्राणी घरी पाळला असेल, त्याने परवाना काढावा. पाळणारा आणि प्राणी यांच्या मधे मजबूत पिंजरा पाहिजे. शेजाऱ्यांची तक्रार नको. परवाना नसेल तर प्राण्याला डोंगरापलीकडे हाकलण्यात येईल हो!"

परवाने देणारा अधिकारी होता कोल्हा. नियम त्यानेच केला होता, त्यामुळे तो त्यालाही नीट समजला नव्हता. सकाळी बघतो तर त्याच्या खडकापुढे ही गर्दी! बेडूक म्हणाला, "बगळा धोकादायक." अळी म्हणाली, "बगळ्याचं काय घेऊन बसलात, कोंबडीचं बघा." उंदीर म्हणाला, "घुबड." घुबड म्हणालं, "मी? मी तर दिवसभर झोपून असतो, विचारा कुणालाही." हत्ती सगळ्यांच्या मागे उभा राहून हळूच म्हणाला, "मुंग्यांचं काही करता येईल का?" कोल्ह्याने दोन्ही पंजांत डोकं धरलं. "गप्प बसा! धोकादायक कोण, ते आमचे तपासनीस जागेवर येऊन ठरवतील." तपासनीस कोण? गाढव. हसू नका रे, तेही नेमणुकीनेच आलं होतं.

इकडे शेळीचं धाबं दणाणलं. लेकाला हाकललं, तर लांडगा त्याच संध्याकाळी जेवायला येणार, आणि ताटात ती असणार. तिने बांबू जमवून घट्ट पिंजरा उभा केला, बाहेरून अडसर लावला आणि बिबट्याला म्हणाली, "लेका, तपासणीपुरता आत बस."

बिबट्याने लांबलचक जांभई दिली. "आई, मला कोंडलं की अन्न गोड लागत नाही. आणि नियम तू नीट ऐकलास का? मधे पिंजरा पाहिजे, एवढंच म्हणालेत. आत कोणी बसायचं ते कुठे सांगितलंय?"

शेळीने बराच वेळ रवंथ केला. दवंडी आठवून पाहिली, पुढून आणि मागून. "नाही सांगितलेलं, खरंच की!"

"मग तू बस. मी कोवळा पाला आत आणून देतो."

लेक किती हुशार निघाला, असं म्हणत शेळी आत गेली. बिबट्याने अडसर सरकवला.

थोड्या वेळाने गाढव आलं. त्याने बांबू हलवून पाहिले, अडसर ओढून पाहिला. "आत एक, बाहेर एक, मधे पिंजरा. फर्मास काम! आता शेजारी." त्याने सशांच्या बिळांत तोंड घालून हाका मारल्या. एकाही बिळातून आवाज आला नाही. गाढवाला भरून आलं. "कुणाची म्हणून तक्रार नाही! अशी समाधानी वस्ती मी पाहिली नाही. बरं, यातला पाळणारा कोण?"

"बाहेर असतो तो पाळणारा," बिबट्या नम्रपणे म्हणाला.

"अहो गाढवदादा, तसं नाही हो!" शेळी आतून ओरडली.

"बाई, मधे बोलू नका. प्राण्यांना विचारायची पद्धत नाही." मग गाढवाला शंका आली. "पण ही धोकादायक आहे ना? नसेल तर परवाना लागतच नाही." असं म्हणून त्याने नाक बांबूंमधून आत घातलं. शेळी आपली बाजू सांगायला धावत पुढे आली आणि घाईघाईत तिची शिंगं त्या नाकावर बसली.

"आई गं! भलतीच धोकादायक!" गाढव किंचाळलं आणि परवाना मंजूर झाला. पिंजऱ्यावर पाटी लागली : 'धोकादायक शेळी. लांब राहा.'

"झालं ना रे? उघड आता," शेळी म्हणाली.

"उघडतो की. पण भूक लागल्यावर," बिबट्या मिशा चाटत म्हणाला. "ससे तर संपले."

तेव्हा कुठे शेळीला तिचे शेजारी कुठे गेले ते कळलं. तिने टाहो फोडला. वाटेने हरणं आली, पाटी वाचली आणि चार पावलं आणखी लांबून गेली. माकड म्हणालं, "केवढी ओरडतेय! बिचारा बिबट्या, कसा सांभाळत असेल हिला?" बिबट्या उठला. त्याने अडसरावर पंजा ठेवला.

इतक्यात कोल्हा गाढवाला घेऊन तणतणत आला. "काय आरडाओरडा हा? आमची झोपमोड होते!"

"कोल्होबा, पळा!" शेळी जीव तोडून ओरडली. "तो बाहेर आहे! तो धोकादायक आहे!"

"चूप! धोकादायक तू आहेस, तसं मी ठरवलंय!"

बिबट्याने एकदा पिंजऱ्याकडे पाहिलं. आत हाडकुळी, म्हातारी शेळी, आणि वर अडसर काढायची मेहनत. मग त्याने कोल्ह्याकडे पाहिलं. गुबगुबीत कोल्हा, आणि मधे काहीच नाही.

पुढचं मी सांगत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. गाढवाची मात्र पंचाईत झाली. बाहेर बिबट्या, आत धोकादायक शेळी. त्याने क्षणभर डोकं खाजवलं, दातांनी अडसर काढला, आत उडी मारली आणि ते दाराला पाठ लावून उभं राहिलं. बिबट्याने आपली शिकार उचलली आणि तो डोंगराकडे चालू लागला.

गाढव शेळीला म्हणालं, "बाई, मला मारणार तर नाही ना?"

शेळी म्हणाली, "ते मला काय विचारता? परवाना तुम्ही दिलात ना?"

तात्पर्य : पिंजरा किती मजबूत आहे हे तपासण्याआधी आत कोण बसलंय ते पाहावं; आणि आपण त्याच्या कोणत्या बाजूला उभे आहोत, तेही.