कुरणवाडीची ठकूबाई

फार वर्षांपूर्वी, कुरणवाडीत घरांपेक्षा झाडं जास्त होती तेव्हाची ही गोष्ट. गावात ठकूबाई नावाची एकटी बाई राहायची. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना पुसून काढणं, कूस बदलणं, पेज भरवणं, हेच तिचं काम. चुलीवर हात शेकल्याशिवाय ती म्हाताऱ्या अंगाला शिवायची नाही. लोक म्हणायचे, काय ही थेरं! पण आपल्या आईबापाचं करायला मात्र तिलाच बोलवायचे.

एका वर्षी आढ्यावरून उंदीर पडून मरायला लागले. प्लेग आला होता. गाव सोडून माळावर झोपड्या घालायचं ठरलं, आणि पंचांनी एक भलतंच ठरवलं. खिळलेल्या म्हाताऱ्यांना न्यायचं नाही, त्यांच्या वाकळांतून साथ येईल. गावातल्या रखमाजीची आई सईबाई अशीच खिळलेली, आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला. तो तिच्या उशापासून हलेना. तेव्हा ठकूबाई म्हणाली, "जा तू. लेकरं सांभाळ. म्या हाय न्हवं हितं."

रखमाजी गेला. लाज वाटली, पण गेला.

माळावरून गाव दिसायचं. रोज सकाळी खाली एकेका घरातून धूर निघायचा, आणि रखमाजी आपल्या घरावर डोळे लावून बसायचा. धूर दिसला की म्हणायचा, आई आहे. आंब्याला मोहर आला, कैऱ्या धरल्या, धूर काही चुकला नाही.

आंबे पाडाला आले तेव्हा साथ ओसरली. रखमाजी धावतच घरी आला. आई जिवंत होती. केसांना तेल, वाकळ धुतलेली. तो तिच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

"ठकूनं लई केलं रं," सईबाई म्हणाली. "आत्ताच पेज भरवून गेली. पर आंबा मोहरल्यापासनं तिचं हात लई गार लागत्यात. शेकून ये म्हणावं."

घरोघरचे म्हातारे हेच सांगत होते. रखमाजी ठकूबाईच्या खोपटाकडे गेला. दार आतून लावलेलं. हाकेला ओ नाही. दार मोडलं तर ती कोपऱ्यात पडलेली, वाळून काष्ठ झालेली. चुलीत कोळ्याची जाळी, माठ कोरडा. मोहराच्या दिवसांतच ती गेली होती, असं म्हणतात. तापात तिला घोटभर पाणी द्यायला कुणी नव्हतं.

मग इतके दिवस चुली कोण पेटवत होतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

तिला अग्नी देऊन आल्यावर रखमाजीनं आईपुढे पेज धरली. आई तोंड उघडेना. दाराकडे बघून म्हणाली, "थांब. ती आली बघ."

दारात कुणीच नव्हतं.  रखमाजीनं हात जोडले. "ठकूमावशे, आता आमी करतो. तू बस गं जरा. लई दमलीस."

दार आपोआप लोटलं गेलं, असं म्हणतात. मग आई जेवली.

माळावरून गाव परतलं, तो दिवस कुरणवाडी आजही पाळते. त्या दिवशी घरात म्हाताऱ्यांचं जी करते, सून असो, लेक असो, पगारी बाई असो, तिला पाटावर बसवतात. घरचा कर्ता आधी तिच्या हातात पाण्याचा तांब्या देतो. मग विचारतो, "तू जेवलीस का?" ती हो म्हणते. अशी माणसं हो म्हणतातच. म्हणून त्या गावात पहिलं "हो" कुणी खरं धरत नाही. तिच्यासमोर बसतात आणि पुन्हा विचारतात.