चिचुंद्रीची खाऊगाडी

एक होती चिचुंद्री. इतकुशी! तिनं केली खाऊगाडी. गाडीवर चूल, चुलीवर तवा, आणि पातेलंभर थालीपिठाचं पीठ.

आज होता बाजार. टेकडीपलीकडे. चिचुंद्री निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गाडी चालली. खडखड खडखड. आणि काय झालं? चाक निखळलं! गडगड गडगड... गेलं थेट नदीत. डुबुक!

अगं बाई! चाक नाही, तर गाडी हलेल होय?

टेकडीपलीकडे पिपाण्या वाजत होत्या. पीं पीं! चिचुंद्रीला तिकडे किती किती जावंसं वाटलं.

ती गेली सुतारपक्ष्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"सुतारदादा, सुतारदादा, चाक दे.
चाक माझ्या गाडीला.
गाडी जाईल बाजाराला!"

"टक टक! चाक फुकट नाही मिळत. आधी लाकूड आण."

ती गेली बाभळीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"बाभूळमावशी, बाभूळमावशी, लाकूड दे.
लाकूड सुतारदादाला. सुतारदादा देईल चाक.
चाक माझ्या गाडीला.
गाडी जाईल बाजाराला!"

"सळ सळ! लाकूड फुकट नाही मिळत. आधी पाणी आण."

ती गेली विहिरीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"विहीरआजी, विहीरआजी, पाणी दे.
पाणी बाभूळमावशीला. बाभूळमावशी देईल लाकूड.
लाकूड सुतारदादाला. सुतारदादा देईल चाक.
चाक माझ्या गाडीला.
गाडी जाईल बाजाराला!"

"घुम घुम! पाणी फुकट नाही मिळत. माझा दोर तुटलाय. आधी दोर आण."

टेकडीपलीकडे ढोल वाजला. ढुम ढुम! चिचुंद्रीचा सगळा जीव तिकडे. पाय मात्र इकडेच.

ती गेली सुगरण पक्षिणीकडे. आता हळूहळू. दमली ना बिचारी!

"सुगरणताई, सुगरणताई, दोर दे.
दोर विहीरआजीला. विहीरआजी देईल पाणी.
पाणी बाभूळमावशीला. बाभूळमावशी देईल लाकूड.
लाकूड सुतारदादाला. सुतारदादा देईल चाक.
चाक माझ्या गाडीला.
गाडी जाईल बाजाराला!"

"दोर फुकट नाही मिळत. पिल्लं भुकेली आहेत माझी. आधी खाऊ आण."

"चीं चीं चीं!" पिल्लं ओरडली.

चिचुंद्रीला रडूच आलं. "खाऊ आहे गं ताई, गाडीवर! पण गाडी चालतच नाही."

"अगं वेडाबाई! चाक गेलं. चूल गेली का?"

"नाही."

"तवा गेला का?"

"नाही!"

चिचुंद्री जी पळाली, जी पळाली! चूल पेटवली. थाप थाप थालीपीठ थापलं. मधे बोटानं भोक. भोकात तेल. चुर्रर्र!

थालीपीठ नेलं पिल्लांकडे. पिल्लांनी मटामटा खाल्लं. "अजून एक! अजून एक!"

सुगरणताई हसली. "झाली बरं का तुझी भवानी! पहिलं गिऱ्हाईक माझी पिल्लं."

तिनं दिला दोर. दोर विहीरआजीला.
विहीरआजीनं दिलं पाणी. पाणी बाभूळमावशीला.
बाभूळमावशीनं दिलं लाकूड. लाकूड सुतारदादाला.
सुतारदादानं दिलं चाक. चाक गाडीला. ठक ठक ठक!
गाडी निघाली. खडखड खडखड. चढली टेकडी. उतरली टेकडी.

आला, आला, बाजार आला!

"घ्या हो घ्या, गरम गरम थालीपीठ!"

ससा आला. बेडूक आला. म्हैसबाई सुद्धा आली. पातेलं झालं चाटूनपुसून रिकामं. चिचुंद्री निघाली घरी, तर सगळे गाडीमागे धावले.

"चिचुंद्रे, चिचुंद्रे, पुढच्या बाजाराला येशील ना? आम्ही वाट बघू हं!"