कोंबड्या खुराड्यात जाईनात

तर झालं असं, की एका डोंगराच्या पायथ्याशी सगुणाबाई नावाची बाई राहत होती. एकटीच. एकटी कसली म्हणा, नऊ कोंबड्या होत्या, एक कोंबडा होता आणि कवडी नावाच्या कोंबडीची आठ दिवसांची अकरा पिल्लं होती. दिवसभर सगळी मोकळी. उकिरड्यावर काय, बांधावर काय, दुसऱ्याच्या वाफ्यात काय. कुणी बोललं की सगुणाबाई म्हणायची, "लेकरं आहेत माझी. दोन किडे खाल्ले तर तुमचं काय गेलं?"

आणि लेकरं शहाणी हो. सूर्य कलला की आपली आपण परसात यायची आणि खुराड्यात शिरायची. सगुणाबाईनं नुसती कडी घालायची. पण कडी घालायलाच हवी बरं का. डोंगरात होता एक कोल्हा. पहिली चांदणी दिसली की तो खाली उतरायचा. मागच्या साली एकदाच कडी राहिली, तर सकाळी तीन कोंबड्या कमी. आठ दिवस सगुणाबाईला घास गेला नाही.

एके दिवशी संध्याकाळी ती कुंपणाशी उभी राहून शेजारच्या द्रुपदाशी बोलत होती. विषय मोठा होता. कुणाच्या तरी लग्नात वरण पातळ झालं होतं. बोलता बोलता द्रुपदा म्हणाली, "अहो आक्का, तुमच्या कोंबड्या बाहेरच उभ्या की."

वळून बघते तर खरंच. दार सताड उघडं आणि सगळ्या दारात उभ्या. एकीचंही पाऊल आत पडेना.

सूर्य डोंगरावर टेकला होता. सगुणाबाईनं झाडू घेतला. "चला गं आत, नखरे पुरे." मग काय, एक तुळशीमागे, दोघी चुलाणामागे, कोंबडा थेट छपरावर. परसात नुसती पिसं उडाली. आणि दोन मिनिटांत सगळ्या परत दारात. आत एकही नाही.

सूर्य अर्धा बुडाला. सगुणाबाईनं ओंजळभर कण्या आणल्या आणि 'ती ती ती' करत आत भिरकावल्या. तर आतून एक हात आला. हिरवा. पपईएवढी मूठ. त्यानं सगळ्या कण्या गोळा केल्या, आत मचमच आवाज झाला, आणि हात पुन्हा बाहेर आला.

"आणखी," आतून कुणी तरी म्हणालं.

द्रुपदा मटकन खालीच बसली. सगुणाबाईनं मात्र वाकून बघितलं. आत एक राक्षसाचं पोर होतं. वासराएवढं. गुडघे कानाशी घेऊन बसलेलं.

"कोण रे तू?"

"मी भोपटू. आई झोपवते म्हणून लपलोय. मला नाही झोपायचं."

"माझ्या लेकरांची जागा आहे ती. बाहेर ये बघू."

"नाही येत."

"काठी घ्या आक्का," द्रुपदा म्हणाली.

"राक्षसाला काठी? आणि त्याची आई आली की तू बोलणार का तिच्याशी?"



आता सूर्याची नुसती किनार उरली. डोंगरात कोल्हा ओरडला. सगुणाबाई धावत घरात गेली, गरम भाकरी आणली आणि दारापासून चार पावलांवर ठेवली. तर तो हात लांबला, लांबला, रबरासारखा लांबला, आणि भाकरी घेऊन आत गेला. पोर जागचं हललंसुद्धा नाही.

आणि मग किनारही गेली. लुककन एक चांदणी दिसली. कुंपणाबाहेर पाचोळा वाजला. सगुणाबाई हात पसरून सगळ्या कोंबड्यांच्या पुढे उभी राहिली. एका बाईनं किती जणींना झाकायचं?

तेव्हा कवडीनं काय केलं, खुराड्याच्या दारातच बसली. पंख पसरले आणि कुर्र कुर्र केलं. एक पिल्लू शिरलं, दुसरं शिरलं, अकराच्या अकरा तिच्या पोटाखाली गडप. भोपटू फटीतून बघत होता.

"सगळी मावली?" त्यानं हळूच विचारलं.

"आई असली की मावतात," सगुणाबाई म्हणाली. तिची नजर कुंपणावरून हलत नव्हती.

आतून नाक ओढल्याचा आवाज आला. मग मुसमुस. आणि मग असा हंबरडा, की परसातली भांडी वाजली. "आई गं!"

तर काय सांगू, समोरचा डोंगर हलला. डोंगराचं शिखर वाटत होतं ना, ते शिखर नव्हतंच. तिथे बसून चारी दिशांना लेकरू शोधणारी राक्षसीण होती. दोन ढांगांत ती परसात आली. कोल्हा कुंपणाशी येऊन टेकला होता, तो शेपूट पायात घालून जो पळाला, तो वेस ओलांडूनच थांबला.

राक्षसिणीनं डालगं उचलावं तसं अख्खं खुराडं उचललं, पोर कडेवर घेतलं आणि खुराडं अलगद जागेवर ठेवलं. भोपटू आईच्या मानेत तोंड खुपसून तिथेच झोपला.

"लई तरास दिला का हो?" राक्षसिणीनं विचारलं.

"पोरच ते," सगुणाबाई म्हणाली. "पण बाई, माझ्यामागे रोजचा कोल्हा आहे."

"मी पण रोज याला हुडकायला निघते. जाता जाता तुमच्या परसावरून हात फिरवत जाईन."

मग कोंबड्या एकामागून एक आत गेल्या. शेवटी कवडी आणि तिची अकरा. सगुणाबाईनं कडी घातली आणि पहिल्यांदा श्वास सोडला.

तेव्हापासून रोज दिवस मावळताना त्या परसावरून एक मोठी गार सावली सरकत जाते. गावातले म्हणतात, डोंगराची आहे. म्हणोत बापडे. ती आली की कोंबड्या निमूट आत जातात, आणि कोल्हा त्या बाजूला फिरकत नाही. सगुणाबाई सुखात, भोपटू सुखात, कोंबड्याही सुखात.

आपल्याही घरावरून सावली कधीच गेली. दाराची कडी घातलीये मी. सरका जवळ, आणि मिटा डोळे.